शस्त्रक्रियेपूर्वीची वर्षे

नागपूरच्या रामदासपेठेत आणि लगतच्या धंतोलीत दररोज सकाळपासून जी वर्दळ सुरू होते, तीत रुग्णांचा आणि त्यांच्या नातलगांचा भरणा मोठा असतो. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ आणि शेजारच्या मध्य प्रदेशातून ही माणसे तपासण्यांचे कागद घेऊन येथे येतात. त्यांतील काहींच्या कागदांवर मोठे संभ्रमात टाकणारे निदान असते. हृदयाची झडप गळते आहे, महाधमनी फुगली आहे. मात्र तूर्त शस्त्रक्रियेचे कारण नाही, वर्षाने पुन्हा दाखवावे. हा दिलासा समजावा की इशारा, हे त्या कुटुंबास उमगत नाही. आपल्या आरोग्यव्यवस्थेसही ते पुरते उमगलेले नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

हृदयातून निघालेले रक्त महाधमनीवाटे सर्व शरीरात जाते. तिच्या मुखाशी असलेली झडप नीट मिटली नाही, तर बाहेर टाकलेल्या रक्ताचा काही भाग मागे परततो आणि हृदयास तेच काम पुन्हा करावे लागते. महाधमनी रुंदावली की झडपेची पाळी एकमेकींना भिडेनाशी होतात व गळती वाढते. वाढलेला रक्तदाब, जन्मतः तीनऐवजी दोनच पाळ्यांची झडप, किंवा मार्फनसारखा आनुवंशिक विकार अशी त्याची कारणे असतात. दोन पाळ्यांची झडप तर शंभरात एक-दोघांस असते. हृदय हा जादा भार वर्षानुवर्षे मुकाट्याने सोसते. म्हणूनच रोगी वरकरणी धडधाकट दिसतो.

प्रौढ माणसाची महाधमनी हृदयाजवळ सर्वसाधारणपणे ४ सेंटिमीटरच्या आत असते. ती ५.५ सेंटिमीटरच्या आसपास पोहोचली की शस्त्रक्रियेचा विचार होतो. आनुवंशिक विकारात त्याहूनही आधी. या दीड सेंटिमीटरच्या अंतरात माणसाला आयुष्याची कित्येक वर्षे काढावयाची असतात. या काळात रक्तदाब काबूत ठेवणे, जड ओझी न उचलणे, ठरल्या वेळी इको तपासणी करणे आणि दातांची निगा राखणे आवश्यक असते. कारण दातांच्या मुळांतील जंतू रक्तावाटे विकृत झडपेवर ठाण मांडू शकतात. शिवाय भाऊ, बहीण व मुले यांचीही तपासणी व्हावयास हवी. यांपैकी कोणताच उपाय फार खर्चिक नाही. पण नियमितपणा मात्र हवा. ज्याची रोजी बुडते आणि प्रवासखर्च अंगावर पडतो, त्याला तोच परवडत नाही. तपासण्या चुकत जातात, आणि महाधमनी अकस्मात चिरली जाऊन प्राणांवर बेतते.

शस्त्रक्रियेच्या बाबतीत आपण पुष्कळ मजल मारली आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने बनविलेली स्वदेशी कृत्रिम झडप १९९० साली प्रथम रुग्णाच्या हृदयात बसविण्यात आली. महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेमुळे झडपेची शस्त्रक्रिया गरिबाच्याही आवाक्यात आली, याचे श्रेय शासनास दिलेच पाहिजे. परंतु या योजनेची मुख्य भिस्त रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णावर आहे. शस्त्रक्रिया लांबवण्यासाठी, किंवा ती योग्य वेळी व्हावी यासाठी, जो बाहेरच्या बाहेर धडपडत असतो, त्याचा भार बव्हंशी त्याच्याच खांद्यावर राहतो.

संधिज्वराने झडपा बिघडलेल्या मुलांची कथा याहून करुण आहे. घशाच्या साध्या दुखण्यातून ५ ते १५ या वयात उद्भवणारा हा ज्वर उलटला की झडपेची हानी वाढते; तो उलटू नये म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. शाळकरी मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघर येथूनच सुरू झाला व संधिज्वराचा हृदयविकार त्याच्या यादीत आहे. पण रोग हुडकणे हे निम्मेच काम होय. पुढची इंजेक्शने चुकली, तर त्या तपासणीचे फळ काय?

शासनाची तिजोरी अमर्याद नाही, हे मान्य. तथापि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात झडपेच्या व महाधमनीच्या रुग्णांसाठी महिन्यातून एक दिवस राखून ठेवणे, त्यांची नोंदवही ठेवणे आणि जो आला नाही त्याच्याकडे आशा सेविकेमार्फत निरोप धाडणे, यास फार मोठा निधी लागणार नाही. उशिरा, तातडीने कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रियेपेक्षा तो खचितच कमी असेल.

समाजाचेही काही कर्तव्य आहे. खेळाच्या तासाला धापा टाकणाऱ्या मुलास आळशी ठरविण्यापूर्वी शिक्षकांनी त्याची तपासणी झाली आहे काय, हे विचारावे. कचेरीत जड फायलींचे गठ्ठे उचलण्यास नकार देणाऱ्या सहकाऱ्यावर कामचुकारपणाचा शिक्का मारू नये, तपासणीसाठी मागितलेली रजा त्याला विनातक्रार मिळावी. दिसत नाही म्हणून रोग नाही, असे मानण्याची किंमत त्या माणसाला मोजावी लागते. त्याची ती वर्षे सुरक्षितपणे पार पाडण्याची व्यवस्था करणे, हाही उपचाराचाच भाग आहे हे शासनाने आता मान्य करावे.