लक्षणांची यादी आणि ‘फायनल फँटसी’ची ओळख

‘फायनल फँटसी’ या जपानी रोल-प्लेइंग खेळमालिकेचा सोळावा भाग २०२३ साली आला, तेव्हा तिच्याविषयी लिहिणाऱ्या अनेकांनी एक निकाल देऊन टाकला : ही फायनल फँटसी नव्हेच. आळीपाळीने चालणारी लढाई हे या मालिकेचे सत्त्व. सोळाव्या भागात ती नाही, सर्व काही हातघाईचे आहे. म्हणून सत्त्व गेले. याच्या विरोधात उभा राहणारा दुसरा पक्ष म्हणतो, की कंपनीने ज्या कृतीवर हे नाव छापले ती फायनल फँटसी, प्रश्न मिटला. पहिला पक्ष भक्तांचा आहे आणि दुसरा बाजाराचा. दोघे परस्परविरोधी वाटतात, पण एका बाबतीत त्यांचे पूर्ण एकमत आहे : कृती नीट वाचण्याचे श्रम दोघांनाही नको आहेत.

आधी भक्तांचा युक्तिवाद पाहू. हिरोनोबु साकागुची यांच्या नेतृत्वाखाली १९८७ मध्ये पहिला भाग निघाला. अनुभवाचे गुण साठवून पातळी चढणे हे या खेळप्रकाराचे सर्वमान्य लक्षण होते. ते मालिकेने दुसऱ्याच वर्षी, दुसऱ्या भागात, टाकून दिले. तेथे तलवार चालवणाऱ्याची तलवार सुधारते, मार खाणाऱ्याचे बळ वाढते. १९९१ च्या चौथ्या भागात हिरोयुकी इतो यांनी लढाईत घड्याळ आणले. खेळणारा विचार करीत बसला की शत्रू थांबत नाही. म्हणजे जिला शुद्ध आळीपाळी म्हणावे ती मुख्य मालिकेच्या चौथ्याच पावलाला ढळलेली आहे. २००१ च्या दहाव्या भागात ती निराळ्या रूपात परतली आणि २००२ च्या अकराव्या भागाने तर संपूर्ण खेळ इंटरनेटवर नेला. जे सत्त्व चौथ्या पावलाला निसटते, दहाव्याला परत येते आणि अकराव्याला पुन्हा जाते, त्याला सत्त्व म्हणावयाचे असेल तर त्या शब्दाचा अर्थ आधी ठरवावा लागेल.

शिवाय ही ‘मूळ’ मालिका नेमकी कोणाची? चौथा भाग अमेरिकेत ‘दोन’ म्हणून विकला गेला, १९९४ चा सहावा ‘तीन’ म्हणून. मधले दुसरा, तिसरा, पाचवा हे भाग तेथे त्या काळी पोहोचलेच नाहीत. १९९७ मध्ये सातवा भाग स्वतःच्या खऱ्या क्रमांकासह आला, तेव्हा तेथील आस्वादकाच्या दृष्टीने मालिका तीनवरून एकदम सातावर गेली. त्याने ज्या परंपरेला मनात स्थान दिले ती जपानी खेळणाऱ्याची परंपरा नव्हती. आज सत्त्वाच्या नावाने जे सांगितले जाते, ते पुष्कळदा सांगणाऱ्याच्या पौगंडावस्थेत हाती आलेल्या भागाचे वर्णन असते.

लक्षणांच्या यादीने कृती मोजण्याचा हा उद्योग आपल्याला अपरिचित नाही. दंडीने महाकाव्याची लक्षणे दिली. पण त्यांतील काही अंगे कमी असली तरी उरलेल्यांच्या संपन्नतेने जाणकार संतुष्ट होत असतील तर काव्य दूषित होत नाही, हेही त्यानेच लगेच सांगून ठेवले. पुढच्या लक्षणवाद्यांनी यादी पाठ केली आणि सवलत विसरली.

यादीला पर्याय म्हणून विट्गेनश्टाइनचे ‘कुटुंबसादृश्य’ पुढे करण्याची प्रथा आहे. येथे ते पुरेसे नाही. चोकोबो हा स्वारीचा पक्षी, सिड नावाचे पात्र, स्फटिक, मंत्रांची ठरीव नावे, नोबुओ उएमात्सु यांची धून : या साऱ्या संकेतचिन्हांनी सादृश्य सिद्ध होते खरे, पण सोळाव्या भागात स्फटिक आहेत, सिड आहे, चोकोबोही आहे. या कसोटीवर तो निर्विवाद उत्तीर्ण होतो आणि नेमके काय बिघडले हे सांगण्याची सोयच उरत नाही. चिन्हे कोणत्याही मालावर चिकटवता येतात. बाजाराच्या पक्षाला कुटुंबसादृश्य प्रिय का वाटावे, हे यावरून कळेल.

प्रस्तुत लेखकाच्या मते, या मालिकेची ओळख एखाद्या गुणधर्मात नसून तिने वारंवार, दर वेळी नव्या रीतीने विचारलेल्या एका प्रश्नात आहे : एका खेळणाऱ्याने अनेकांच्या वतीने कृती कशी करावी? पहिल्या भागात सहा पेशांतून चार योद्धे निवडणे आणि त्यांना नावे देणे खेळणाऱ्याकडे होते. ‘मी’ चार देहांत वाटलेला होता. दुसऱ्या भागात चौथी जागा सतत रिकामी होते आणि तीत येणारे मरतात किंवा निघून जातात. १९९२ च्या पाचव्या भागात वृद्ध गॅलफ मरतो आणि त्याने कमावलेले सारे कौशल्य त्याच्या नातीला, क्रिलेला, मिळते. वारसा ही कथेतली गोष्ट येथे खेळाच्या हिशोबात उतरली आहे. सहाव्या भागाला एकच नायक नाही. अखेरच्या बुरुजावर चढताना खेळणाऱ्याला आपली माणसे तीन तुकड्यांत वाटावी लागतात. सातव्या भागातील एरिथच्या मृत्यूविषयी इतके भावुक लिहिले गेले आहे, की त्यामागची रचना नजरेआड झाली. खेळणाऱ्याने तासन्‌तास जी वाढवली, तिच्यासाठी केलेली बरीच गुंतवणूक तिच्याबरोबर जाते आणि गटात एक जागा उरते. त्या शोकाला अश्रूंइतकाच हिशोबाचाही आधार आहे. कादंबरीला हा परिणाम याच मार्गाने साधता येणार नाही.

हा प्रश्न ध्यानात घेतला की नंतरचे ‘विच्छेद’ निराळे दिसतात. २००६ च्या बाराव्या भागात सोबत्यांसाठी ‘अमुक घडले तर तमुक कर’ असे नियम आधीच लिहून ठेवता येतात. खेळणारा आज्ञा देणाऱ्याचा नियमकर्ता होतो, आणि आपल्याच नियमांनी चालणाऱ्या माणसांकडे पाहत राहतो. अकराव्या भागात सोबती म्हणजे प्रत्यक्ष दुसरी माणसे. आळीपाळी सुटली, प्रश्न सुटला नाही.

यावर ‘ड्रॅगन क्वेस्ट’चे उदाहरण हमखास दिले जाते : पाहा, १९८६ पासून न बदलता टिकलेली मालिका! हेही ऐकीव आहे. तिच्या पहिल्या भागात नायक एकटाच होता. गट दुसऱ्या भागात आला. १९९० च्या चौथ्या भागाच्या मूळ आवृत्तीत तर शेवटच्या प्रकरणात सोबत्यांना थेट आज्ञा देताच येत नसे. फक्त धोरण सुचवायचे, बाकी ते आपल्या बुद्धीने लढत. पृष्ठभाग स्थिर ठेवून आत घडामोड करणे हाही बदलाचाच एक प्रकार आहे.

आता सोळावा भाग. त्याच्यावर आक्षेप घ्यावा, पण योग्य तो घ्यावा. येथे नियंत्रण केवळ क्लाइव्हवर. त्याच्या लांडग्याला तीन आज्ञा देता येतात, मानवी सोबती आपापले लढतात आणि त्यांच्या असण्यानसण्याने खेळणाऱ्याच्या निर्णयात फारसा फरक पडत नाही. कथा मात्र सतत सांगते, की माणूस एकटा पुरा पडत नाही, सोबत्यांच्या बंधांतच त्याचे स्वत्व आहे. खेळ याच्या नेमके उलट करवून घेतो : इतरांच्या अंगची दैवी सामर्थ्ये एकामागून एक क्लाइव्हच्या देहात शोषली जातात आणि अनेकांचा एक होतो. ही विसंगती मुद्दाम योजलेली असती तर भेदक ठरली असती. तशी ती वाटत नाही; लेखक एका खोलीत आणि खेळरचनाकार दुसऱ्या खोलीत बसल्यासारखी वाटते.

आणि याचा दोष हातघाईच्या लढाईवर ढकलता येत नाही. त्याच कंपनीने २०२० मध्ये सातव्या भागाचे पुनर्निर्माण केले, त्यातही लढाई हातघाईचीच आहे. पण तेथे खेळणारा क्षणोक्षणी एका देहातून दुसऱ्यात जातो, आज्ञेची यादी उघडताच काळ मंदावतो, आणि त्या मंदावलेल्या अवधीत कोणाच्या वतीने काय करावयाचे हे त्याला ठरवावे लागते.