गैरहजर बायकांचे मत

आमच्या कॉलनीच्या तोंडाशी वह्या-पुस्तकांचे एक छोटे दुकान होते. मालक थकले, मुलाकडे पुण्याला गेले आणि गाळा बंद झाला. 2024 च्या पावसाळ्यात एका सकाळी दूध आणायला गेले, तर रंगारी पाटी रंगवत होता. "काय निघतंय रे बाबा?" म्हटले. तो म्हणाला, "बीअर शॉपी, आजी."

मंडळी, तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. आज लिहूनच टाकते.

आधी एक खुलासा, नाहीतर निफाडचे आमचे बंधुराज फोन करतील. मी दारूबंदीवाली नाही. नाशिकची द्राक्षे आणि नाशिकची वाइन यांवर कितीतरी घरे चालतात, त्यात आमचे माहेरही आले. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 मध्ये बंदी केली आणि 2021 मध्ये सरकारनेच ती उठवली. चोरटी दारू वाढली, असे कारण दिले. तेव्हा 'सगळे बंद करा' असे मी म्हणत नाही. माझा प्रश्न साधा आहे. आमच्या दारात दुकान येणार, तर आम्हाला आधी विचारायला नको?

आम्ही सातआठ जणी एका माजी नगरसेवकाकडे गेलो. माजीच, कारण मार्च 2022 पासून महापालिकेत प्रशासक होते. ते म्हणाले, "बाई, नगरसेवक असतो तरी उपयोग नव्हता. परवाना जिल्हाधिकारी देतात, काम उत्पादन शुल्क खाते बघते." मग एका कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी बसायला सांगितले, चहाही विचारला आणि म्हणाले, "शाळा-मंदिरापासूनचे अंतर नियमात बसते. आता तुम्हाला बंदच करायचे असेल तर बाटली आडवी करा."

गंमत बघा. हे परवाने ज्या कायद्याखाली मिळतात, त्याचे नाव महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949! राज्यघटनेच्या 47 व्या कलमात सरकारने दारूबंदीसाठी प्रयत्न करावेत असे म्हटले आहे. पण कार्यालयात अर्ज येतो, फीत लावून अंतर मोजले जाते आणि शिक्का बसतो. त्या अंतरात राहणारी माणसे कुठल्या रकान्यात बसतात, ते मला सापडले नाही.

वाइन शॉपची तर आणखी तऱ्हा. 1970 च्या दशकापासून राज्यात नवे परवाने दिलेले नाहीत, असे सरकार अभिमानाने सांगते. पण जुने परवाने स्थलांतरित होतात. कुठलेसे दुकान तिथून उठते आणि तुमच्या गल्लीत येते. कागदावर नवे काहीच घडलेले नसते!

आता आडव्या बाटलीविषयी. 2008 च्या सरकारी आदेशाप्रमाणे आधी 25 टक्के सह्या गोळा करायच्या. मग मतदान. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू आणि आडवी म्हणजे बंद. दुकान बंद व्हायला निम्म्याहून जास्त मते लागतात, आणि हे निम्मे मोजायचे ते यादीतल्या एकूण महिला मतदारांचे. आलेल्या बायकांचे नव्हे!

मी नोकरीत असताना कितीतरी निवडणुकांच्या ड्युट्या केल्या आहेत. मतदार यादी कशी असते ते मला कुणी सांगायला नको. सह्यांसाठी आम्ही यादी घेऊन दारोदार फिरलो. समोरच्या वहिनींच्या दोन मुली यादीत आहेत, एक औरंगाबादला (आता संभाजीनगर) नांदते, दुसरी अमेरिकेत. आमच्या शेजारच्या आक्का जाऊन तीन वर्षे झाली, त्याही यादीत आहेत. या सगळ्या जणी मतदानाला येणार नाहीत, म्हणजेच त्यांचे वजन उभ्या बाटलीच्या पारड्यात! वर्गात गैरहजर मुलीला मी कधी पास केले नाही. इथे गैरहजर मुलीच्या नावावर दुकान पास होते.

आणि ज्या हजर आहेत त्यांचे काय? आमच्याकडे धुणेभांडी करणारी एक जण सही करताना म्हणाली, "ताई, आमच्या यांना कळणार नाही ना?" सह्यांचा कागद गुप्त नसतो हे मी तिला सांगितले. तिने क्षणभर विचार केला आणि तरीही सही केली. दोन सुशिक्षित घरांनी मात्र "उगाच वाईटपणा कशाला" म्हणून दार लावून घेतले.

मार्च 2025 मध्ये अजित पवारांनी विधानसभेत जाहीर केले की सोसायटीच्या आवारात बीअर शॉपी किंवा वाइन शॉप काढायचे तर सोसायटीचे ना-हरकत पत्र लागेल. चांगलेच झाले. पण आमची बंगल्यांची आणि रो हाउसची कॉलनी, गाळा रस्त्यापलीकडचा. आमची हरकत कोण विचारणार? त्याच वेळी त्यांनी शहरातल्या वॉर्डांसाठी 75 टक्के मतदानाची अटही सांगितली. फुटपट्टी बदलली, चढण तशीच. जानेवारी 2026 मध्ये महापालिकेची निवडणूक झाली. तिथे एका मताने पुढे असलेला माणूस निवडून येतो. त्याला कुणी 75 टक्के मागितले नाहीत.

मी नोकरीची सहा वर्षे पेठ तालुक्यात काढली. तो आदिवासी भाग. 1996 च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला दारूविक्रीवर बंदी किंवा नियंत्रण आणण्याचा अधिकार दिला आहे. प्रत्यक्षात तो किती वापरता येतो हा वेगळा लेख होईल. पण पाड्यावरच्या बाईला जे कायद्याने दिले, ते पन्नास-साठ किलोमीटरवरच्या शहरातल्या बाईला का नाही? आमच्याकडून घरपट्टी घेता, मत घेता, मग हे एवढे एक विचारायला काय जड जाते?

माझे मागणे दोनच ओळींचे आहे. परवान्याआधी प्रभागातल्या लोकांची सभा घेऊन मत विचारा, आणि स्थलांतरालाही तोच नियम लावा. आणि मतदान झाले तर जेवढ्या आल्या तेवढ्यांची मते मोजा. मग बहुमताने दुकान राहिले, तर मी मुकाट्याने त्या रस्त्याने दूध आणीन.

असो. सह्या अजून पुरत नाहीत. उद्या सकाळी पलीकडच्या गल्लीत जायचे आहे. माझ्या भाच्या, पुतण्या आणि जुन्या विद्यार्थिनींपैकी ज्यांची नावे अजून आमच्या यादीत आहेत, त्यांनी आपले नाव आपल्या सध्याच्या गावी हलवून घ्यावे. तेवढ्यानेही आमचे ओझे थोडे हलके होईल.