पाटी सर्वांची, की केवळ डोळसांची?

गोवा मुक्त झाल्यानंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगावी आणि वाड्यावाड्यांवर प्राथमिक शाळा उघडल्या, तेव्हा त्यांतील कित्येकांना स्वतःची इमारत नव्हती. कोठे देवळाच्या सभामंडपात, कोठे एखाद्या भल्या भाटकाराच्या पडवीत मुले मांडी घालून बसली. फळा एक, मास्तर एक. पाटी मात्र ज्याची त्याची. त्या पाटीने पुढच्या पिढ्यांचे काय कल्याण केले ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना निराळे सांगावयास नको. पण त्याच काळात, त्याच वाड्यावर, दृष्टी नसलेले एखादे पोर घराच्या सोप्यावर बसून राहिले, आणि याच्या हाती पाटी का नाही, असे विचारण्याची बुद्धी कोणालाही झाली नाही. वृत्तपत्रवाल्यांनाही झाली नाही.

आज अशा मुलासाठी पाटी तयार आहे. तिचे नाव संगणक. प्रश्न एवढाच, की ती त्याच्या हाती कधी द्यावयाची?

आपल्या सरकारचा आजवरचा क्रम पाहिला तर आधी कळस आणि मग पाया असाच तो दिसतो. मनोहर पर्रीकरांच्या कारकिर्दीत अकरावीच्या विद्यार्थ्यांना संगणक मिळाले. २०२१ साली सहावी ते आठवीच्या मुलांना संगणकाची आज्ञावली लिहिणे व यंत्रमानवाची ओळख करून देणे यासाठी ‘केअर्स’ ही योजना आली. दोन्ही उपक्रम स्वागतार्ह होते आणि ते राबविणाऱ्यांना नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. परंतु सहावीत पोहोचण्यापूर्वी पाच इयत्ता ओलांडाव्या लागतात, आणि ज्या मुलाला या यंत्राची खरी निकड आहे त्याचे पाऊल अडते ते याच पाच इयत्तांत. सहावीच्या वर्गात संगणक त्याची वाट पाहत असेल; पण तेथवर हे मूल येणार कसे?

लहान मुलांच्या हाती यंत्र देऊ नये, आधी अक्षर घोटवून घ्यावे, असे म्हणणारे वडीलधारे पुष्कळ आहेत. त्यांचे म्हणणे आम्हांस अर्धे मान्य आहे. ज्याचे डोळे धड आहेत, हात धड आहेत, अशा पहिली-दुसरीतल्या मुलाला पाटी-पेन्सिल, अंगण आणि गोष्टी सांगणारी आजी एवढे पुरेसे आहे. पडद्यापुढे बसवून त्याचे काही भले होत नाही. तिसरीपासून आठवड्याला एक तास दिला तरी त्याचे काही बिघडणार नाही. पण हा न्याय सर्वांना सरसकट लावता येत नाही. ज्याला फळ्यावरचे दिसत नाही, ज्याच्या बोटांत पेन्सिल धरण्याचे बळ नाही, ज्याच्या डोळ्यांपुढे ‘ब’ आणि ‘व’ नाचू लागतात, त्याला आधी अक्षर घोट आणि मग संगणकाकडे ये असे सांगणे म्हणजे लंगड्याला आधी चालून दाखव, मग कुबडी देतो, असे सांगण्यासारखे आहे.

ही कुबडी महाग असते, हा दुसरा गैरसमज. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखविणारी ‘एनव्हीडीए’ नावाची प्रणाली २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने रचावयास घेतली आणि जेम्स टेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला. बाजारातील अशा प्रणाली सामान्य अंधाला परवडत नाहीत, म्हणून त्यांनी ती जगाला फुकट देऊन टाकली. ती मराठी वाचते. आवाज यांत्रिक आहे, जोडाक्षरांवर तो अडखळतोही. पण मूल आठवडाभरात त्याला सरावते. अधू दृष्टीच्या मुलासाठी अक्षरे मोठी करून दाखविण्याची सोय आजच्या बहुतेक संगणकांत मुळातच असते. एका वेळी एकच कळ दाबू शकणाऱ्या मुलासाठीही असते. नेहमीच्या विंडोज संगणकावर ‘शिफ्ट’ची कळ पाच वेळा दाबली की तो ती सोय हवी का म्हणून विचारतो. शाळेच्या कपाटातील संगणकात हे सारे पडून आहे. आपणास ठाऊक नाही, एवढेच.

आमच्या मते प्राथमिक शाळेत प्रथम शिकवावयाचे ते टंकलेखन, आणि तेही देवनागरीत, ‘इनस्क्रिप्ट’ पद्धतीने. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने १९८६ साली ही मांडणी ठरविली. तीत स्वर व मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला येतात. संगणकाच्या दोन कळांवर बोटांना जाणवणारे बारीक उंचवटे असतात. या मांडणीत डाव्या उंचवट्यावर ऱ्हस्व वेलांटी येते आणि उजव्यावर ‘र’. तेथून बोटांनी चाचपत सारी बाराखडी सापडते, डोळ्यांची गरज लागत नाही. शिवाय मराठी, कोंकणी, हिंदी यांना ती एकच, आणि कन्नडलाही तोच क्रम चालतो. असे असता आपण मुलांना रोमन अक्षरे बडवून मराठी उमटविण्याची सवय लावतो, म्हणजे दुसरीतल्या मुलाला ‘शाळा’ हा शब्द लिहिण्यासाठी आधी इंग्रजी मुळाक्षरे यावी लागतात. मातृभाषेत शिक्षण हवे म्हणून ज्या प्रदेशात एवढी आंदोलने झाली, तेथे याची खंत कोणास वाटू नये याचे नवल वाटते.

आता याहून मोठ्या अडचणीकडे वळू. यंत्र आले, आवाज आला, बोटे तयार झाली. पण वाचावयाचे काय? युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरीला १९९१ पासून स्थान आहे. पण मराठी छपाईचा व्यवहार त्यानंतरही कित्येक वर्षे जुन्या ठेवणीच्या अक्षरसाच्यांवर चालला. त्या साच्यांत पडद्यावर ‘क’ दिसला तरी संगणकाच्या पोटात त्या जागी एखादे रोमन अक्षर वा चिन्ह असते. डोळसाला ‘कमळ’ दिसते. वाचून दाखविणारी प्रणाली मात्र काहीतरी अगम्य बरळते. पानांची छायाचित्रे काढून केलेल्या पुस्तकांवर तर ती अवाक्षरही काढत नाही. यात दोष केवळ पाठ्यपुस्तके काढणाऱ्यांचा नाही. जे दैनिक आपण वाचत आहात त्याचीही पूर्वीची पाने याच साच्यांत जुळविलेली आहेत, आणि अंध वाचकाच्या लेखी ती कोरी आहेत, हे कबूल केलेच पाहिजे. अंध वाचकासाठी पुस्तकाचे रूप बदलण्याच्या आड स्वामित्वहक्क येऊ नये अशी दुरुस्ती आपल्या संसदेने २०१२ साली केली, आणि त्याच हेतूने झालेल्या माराकेश कराराला २०१४ साली सर्वांआधी मान्यता देणारा देश भारतच होता. कायद्याचे दार उघडे आहे. आत यावयाचे पुस्तक तेवढे छापखान्यात अडकले आहे.

एक इशारा येथे दिला पाहिजे. बोलणारा संगणक आला म्हणून ब्रेल मोडीत काढू नये. नुसते ऐकून शिकणाऱ्या मुलाला ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक कळावयाचा कसा? कानाला ऱ्हस्व-दीर्घ लिहिता येत नाही. बोटांखाली ठिपके असल्यावाचून शुद्धलेखन येत नाही. भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल १९५१ साली ठरली. ती मुलाला आपली आपण शिकता यावी यासाठी ‘ॲनी’ नावाचे यंत्र ज्या तरुणांनी तयार केले, ते बिट्स पिलानीच्या आपल्या झुआरीनगर येथील संकुलात शिकलेले आहेत. गोव्यात रुजलेली ही कल्पना गोव्याच्या किती प्राथमिक शाळांत पोहोचली, हा प्रश्न शिक्षण खात्याने स्वतःस विचारावा.

खात्यापाशी उत्तर असावयास हवे, कारण कायद्याने ते बंधनकारक आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याचे सतरावे कलम सांगते, की शाळकरी मुलांची दर पाच वर्षांनी पाहणी करावी, पहिली पाहणी कायदा अमलात आल्यापासून दोन वर्षांत व्हावी, शिक्षकांना त्यासाठी तयार करावे, आणि ठरावीक प्रमाणात अपंगत्व असलेल्या मुलाला अठरा वर्षांचे होईपर्यंत पुस्तके व साहाय्यक साधने विनामूल्य द्यावीत. कायदा २०१७ च्या एप्रिलात अमलात आला. २०२५ च्या एप्रिलात तर सर्वोच्च न्यायालयाने संगणकीय सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. २०२३ च्या जानेवारीत पणजीत ‘पर्पल फेस्ट’ भरला, देशभरातून दिव्यांग मंडळी आली, आणि या छोट्या राज्याने चांगला आदर्श घालून दिला याचा आम्हांलाही अभिमान वाटला. पण उत्सवाचा मांडव उतरल्यावर सत्तरी, सांगे वा काणकोणातील एकशिक्षकी शाळेत काय उरते? तेथे एकच बाई चार इयत्ता सांभाळतात, मध्यान्ह आहाराचा हिशेब ठेवतात, निवडणुकीच्या याद्या करतात. त्यांना एक दिवसाच्या शिबिराला बोलावून हाती प्रमाणपत्र ठेवले म्हणजे प्रशिक्षण झाले असे मानणे ही आत्मवंचना आहे. अशा चार-पाच शाळांमागे एक विशेष शिक्षक, आठवड्यातून ठरलेल्या वारी, स्वतःच्या हातांनी मुलाची बोटे कळांवर ठेवणारा, एवढे तरी हवे. पगाराचा खर्च येईल. यंत्रांवर होतो त्याच्या तुलनेत तो जड वाटू नये.

यापुढे प्राथमिक शाळांसाठी संगणक घेताना सरकारने निविदेत तीन अटी घालाव्यात: मराठी व कोंकणी वाचणारा आवाज, कानाला लावावयाचा संच, आणि शिक्षकासाठी निदान पंधरा दिवसांचे शिक्षण. पाठ्यपुस्तके युनिकोडमध्ये जुळवून, छापण्याआधी एखाद्या अंध वाचकाकडून वाचवून घ्यावीत. आणि सतराव्या कलमाखालच्या पाहणीत कोणत्या तालुक्यात किती मुले आढळली, त्यांतील किती शाळेत आहेत आणि किती जणांच्या हाती साधन पोहोचले, ते आकडे शिक्षण खात्याने विधानसभेच्या येत्या अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावेत.