पाटी पाहू नका, सनद विचारा



धम्मदीक्षा घेतली त्याच दिवशी तुम्ही उच्चनीचतेची उतरंड लाथाडली. मग वकिलाच्या पाटीपुढे तुमची मान का लवते, असा माझा तुम्हांस रोखठोक सवाल आहे.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, कोणत्याही न्यायालयाबाहेर उभे राहा. "वकील, उच्च न्यायालय", "फौजदारी तज्ज्ञ", "माजी अध्यक्ष, वकील संघ" अशा पाट्या दिसतील. जयंतीच्या फलकांवर आमचेच वकील बंधू हीच झूल पांघरून झळकतात. मी स्वतः वकील आहे, म्हणूनच सांगतो की ही झूल कायद्याला मंजूर नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 36 प्रमाणे पाटी माफक आकाराची असावी लागते. आपण अमुक कामात निष्णात आहोत, वकील संघटनेचे अध्यक्ष आहोत वा होतो, पूर्वी न्यायाधीश होतो, असे तिच्यावर लिहिण्यास मनाई आहे. राहिले "उच्च न्यायालय". ॲडव्होकेट्स ॲक्ट, 1961 चे कलम 30 हे 2011 साली अंमलात आले. तेव्हापासून देशातील सर्व न्यायालयांत वकिली करण्याचा हक्क प्रत्येक सनदी वकिलास आहे. त्या दोन शब्दांनी फी वाढते, हक्क तसूभरही वाढत नाही. "ज्येष्ठ वकील" हा दर्जा तर उच्च वा सर्वोच्च न्यायालयच देते. पाटी रंगविणारा देत नाही.

कोणी म्हणेल, ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या तुच्छतेने हाक मारली गेली, त्याने पदवीचा अभिमान बाळगू नये काय? जरूर बाळगावा. बाबासाहेबही 1922 साली ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. पण 1927 साली चवदार तळ्याचा दावा उभा राहिला, तो त्यांनी दहा वर्षे लढविला आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयात जिंकला. ती पदवी तहानलेल्याच्या ओंजळीपर्यंत पोचली, म्हणून थोर ठरली. जी पदवी गरिबाला दारातच दबकावते, ती नव्या रूपातली जातच होय.

या दबकण्याची किंमत कोण मोजतो? पुनर्वसनातील खोली गमावू पाहणारा बाप आणि पोटगीसाठी मंगळसूत्र गहाण ठेवणारी भगिनी!

तेव्हा पुढे असे करा. वकिलास प्रथम सनद क्रमांक विचारा. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तो पडताळता येतो. सनदेवाचून न्यायालयात वकिली करणाऱ्यास कलम 45 प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या. आणि फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. 1987 च्या कायद्याच्या कलम 12 प्रमाणे अनुसूचित जातींना व स्त्रियांना मोफत वकील मिळतो. धर्मांतराने हा हक्क गेला, असे कोणी सांगितल्यास त्याला 1990 ची दुरुस्ती दाखवा; तिने बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या सवलतींत घेतले आहे.

तथागतांनी माणूस जन्मावरून नव्हे, कर्मावरून ओळखावयास शिकविले. वकीलही तसाच ओळखा. पाटी वाचून हात जोडू नका. काम पाहून जोडा.

जय भीम!