तिसऱ्या स्थानाचा वाद
न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाच्या सर्वश्रेष्ठ खेळाडूंची क्रमवारी लावताना बेब रूथ आणि लू गेरिग यांच्याविषयी फारसे दुमत होत नाही. खरा वाद आहे तो तिसऱ्या स्थानाचा, जो डिमॅजिओ की मिकी मँटल हा. एखाद्या खेळाडूच्या जागी सहज मिळणारा साधारण बदली खेळाडू असता तर संघाचे किती विजय कमी झाले असते, याचा अंदाज देणाऱ्या ‘वॉर’ या निर्देशांकात मँटल बराच पुढे आहे. मात्र १९४३ ते १९४५ हे डिमॅजिओचे ऐन उमेदीतले तीन हंगाम सैन्यसेवेत गेले, आणि न खेळलेले हंगाम कोणत्याही निर्देशांकाला मोजता येत नाहीत. शिवाय यांकी स्टेडियमची मधली डावी सीमा इतकी लांब होती की त्याच्या ३६१ होमरनांपैकी, म्हणजे बहुधा चेंडू थेट सीमेपार धाडणाऱ्या फटक्यांपैकी, केवळ १४८ घरच्या मैदानावर लागले. १९४१ मध्ये सलग ५६ सामन्यांत किमान एक यशस्वी फटका मारण्याचा त्याचा विक्रम आजही अबाधित आहे, आणि अनेक जाणकार त्याला वर ठेवतात ते याच तेजामुळे. तरीही ते तीन हंगाम उदारपणे जमेस धरले तरी मँटलची आघाडी मिटत नाही, म्हणून तिसरे स्थान मँटललाच देणे न्याय्य ठरते.