बंदूक हाती घेण्यापूर्वी

उडत्या तबकडीवर नेम धरण्याची विद्या शिकावयास निघालेल्या मुलाने वा मुलीने पहिल्या दिवसासाठी कोणती तयारी करावी, हा प्रश्न आता वर्ध्यासारख्या जिल्ह्यातील मध्यमवर्गीय घरांतूनही विचारला जाणे स्वाभाविक आहे. कारण १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले, आणि नेमबाजी हा केवळ राजेरजवाड्यांचा शौक असल्याची जुनी समजूत त्या एका दिवसात पुष्कळ अंशी गळून पडली. प्रश्न विचारणाऱ्या पालकांस बहुधा साहित्याची यादी हवी असते: जाकीट कोणते, बूट कोणते, काडतुसे किती. माझे मत असे आहे की ही तयारी मुळात कायद्याची, शरीराची आणि स्वभावाची आहे. आणि या तिन्ही बाबतींत ज्या घराने मुलाला सिद्ध केलेले नाही, त्या घराने त्याला मैदानावर धाडण्याची घाई करू नये.

गांधीजींच्या सेवाग्राममधील वास्तव्याने आणि विनोबांच्या पवनार आश्रमाने ज्या जिल्ह्याला देशात नाव मिळाले, त्या जिल्ह्यात मुलांच्या हाती बंदूक देण्याची गोष्टच मुळी अप्रशस्त होय, असा आक्षेप आमची वडीलधारी मंडळी घेतील, आणि तो आदराने ऐकून घेतला पाहिजे. परंतु त्या आदरातच हेही स्मरणात ठेवावे की १९३० च्या जानेवारीत गांधीजींनी ‘यंग इंडिया’तून ब्रिटिश सरकारपुढे ज्या अकरा मागण्या मांडल्या, त्यांत संपूर्ण दारूबंदी, जमीनमहसुलात निम्मी कपात आणि मिठावरील कराची समाप्ती यांच्याच रांगेत, स्वसंरक्षणार्थ शस्त्रांचे परवाने लोकनियंत्रणाखाली दिले जावेत, ही मागणीही होती. १८७८ च्या शस्त्रकायद्याने साऱ्या प्रजेला निःशस्त्र केले याचा सल त्यांच्या मनात होता, आणि अहिंसा हे दुर्बलांचे निमित्त नसून समर्थांचे व्रत आहे, ही त्यांची शिकवण त्या सलाशी सुसंगतच होती. त्यावरून गांधीजी नेमबाजीचे पुरस्कर्ते होते असे कोणी म्हणू नये. पण शस्त्राचे नाव ऐकताच मान फिरवणे एवढाच काही सेवाग्रामचा वारसा नव्हे. शस्त्रापाशी जाताना माणसाच्या मनाची कोणती सिद्धता असावी, हा विचार त्या वारशात अधिक मोलाचा आहे.

शिवाय या क्रीडेचा इतिहासच मुळी जीवदयेच्या बाजूने झुकलेला आहे. एके काळी पेटीतून जिवंत कबुतरे सोडून त्यांवर नेम धरला जाई. १९०० सालच्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळीही अशी स्पर्धा भरली होती. तत्पूर्वीच, १८८० च्या सुमारास, अमेरिकेतील सिनसिनाटी शहराच्या जॉर्ज लिगॉव्स्की नामक गृहस्थाने भाजलेल्या मातीची चपटी तबकडी प्रचारात आणली होती, आणि पुढे हळूहळू पक्ष्याची जागा या निर्जीव लक्ष्याने घेतली. आजची तबकडी डांबरासारखी राळ आणि चुनखडीची भुकटी यांच्या मिश्रणाची असते. तिचा व्यास ११० मिलिमीटर व वजन सुमारे १०५ ग्रॅम. आमच्या सेलू तालुक्यातील बोरचे अरण्य १९७० साली अभयारण्य झाले, १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, आणि २०१४ साली बोरला व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. ज्या पिढीला रानातील पाखरू मारण्याची मुभा नाही, आणि ती नसावी हेच इष्ट, त्या पिढीच्या डोळ्याचा व हाताचा मेळ पारखण्यास ही तबकडी पुरेशी आहे.

आता कायद्याची तयारी. शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्यावाचून बंदूक ताब्यात ठेवता येत नाही, आणि एकवीस वर्षे पूर्ण न झालेल्या इसमास सर्वसाधारणपणे असा परवाना मिळत नाही. प्रशिक्षणापुरती, नियमांनी घातलेल्या वयोमर्यादेत व अटींवर, तरुणांना बंदूक वापरू देण्याची तरतूद मात्र कायद्यातच आहे. म्हणून पहिल्या धड्याची बंदूक ही संस्थेची असावी, संस्थेच्या मैदानावर असावी, आणि प्रशिक्षकाच्या नजरेखालीच हाती यावी. आमच्या ग्रामीण भागात रानडुकरांपासून पिकाचे रक्षण करण्यासाठी काही शेतकऱ्यांकडे परवान्याची बंदूक असते. निवडणूक जाहीर झाली की ती बहुधा पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, पावती जपून ठेवावी लागते, आणि निकालानंतर पुन्हा खेटे घालून ती सोडवून आणावी लागते, हा शिरस्ता त्या घरांस ठाऊक आहे. अशी घरची बंदूक ‘सरावासाठी’ म्हणून मुलाच्या हाती देणे हा जिव्हाळा नसून कायद्याचा भंग आहे, कारण परवाना व्यक्तीच्या नावे असतो, कुटुंबाच्या नावे नसतो. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणे हाही २०१९ च्या दुरुस्तीनंतर स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरला असून, त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. ही कलमे मुलाला मैदानावर जाण्याच्या आधल्या आठवड्यात घरी वाचून दाखवावीत, आणि ती ऐकताना जो कंटाळतो त्याची वेळ अद्याप आलेली नाही असे समजावे.

शरीराच्या तयारीत पहिला मान डोळ्याचा. माणसाचे दोन्ही डोळे सारख्याच अधिकाराचे नसतात. एक डोळा नेम ठरवतो आणि दुसरा त्यास साथ देतो. तो कोणता, हे घरच्या घरी कळते. दोन्ही हात समोर पूर्ण लांबवून तळव्यांच्या मध्ये लहानशी त्रिकोणी फट ठेवावी, तीतून भिंतीवरचे घड्याळ पाहावे, आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटावा. ज्या उघड्या डोळ्याला घड्याळ फटीत जागच्या जागी दिसत राहील, तो प्रबळ डोळा. उजव्या हाताने सारी कामे करणाऱ्या कित्येकांचा डावा डोळा प्रबळ निघतो, आणि ही गोष्ट प्रशिक्षकास प्रथमच सांगितली तर तो बंदूक डाव्या खांद्यास लावावयास शिकवील किंवा चष्म्याच्या डाव्या काचेवर लहानशी चिकटपट्टी लावील. न सांगितली तर मूल महिनोन् महिने तबकड्या चुकवीत राहील आणि दोष आपल्या नशिबाला देईल. या खेळात दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहण्याची सवय उत्तम, कारण वेगाने सरकणाऱ्या वस्तूचे अंतर दोन डोळ्यांनीच नीट उमगते.

दुसरा मान कानाचा. बारा बोअरच्या बंदुकीचा आवाज इतका तीव्र असतो की उघड्या कानावर पडलेल्या थोड्याशा बारांनीही श्रवणशक्तीस कायमची इजा पोहोचू शकते. यास्तव कानांवरील आच्छादन आणि डोळ्यांवरील मजबूत काचा यांविषयी तडजोड नसावी, आणि जेथे ही दोन साधने मागितल्याशिवाय दिली जात नाहीत ते मैदान पालकांनी सोडून द्यावे. बाकी पोशाख साधा असावा: गळ्याशी बंद होणारा सुती सदरा, पुढून झाकलेले बूट, डोक्यावर टोपी, लोंबती ओढणी नको, मोकळे केस नकोत, आणि खांद्यावर जाड शिवण किंवा पट्टा नको, कारण बंदुकीचा दस्ता नेमका तेथेच टेकावयाचा असतो. आमच्याकडील वैशाखातल्या उन्हात साडेतीन किलोंच्या आसपास वजन पुनःपुन्हा खांद्याशी नेणे हे कष्टाचे काम आहे. म्हणून धडा सकाळचा घ्यावा, आदल्या रात्री पुरती झोप घ्यावी, न्याहारी हलकी असावी, आणि पाणी बरोबर असावे. पहिल्याच दिवशी महागडे जाकीट खरेदी करण्याचे काहीएक कारण नाही.

मैदानावर प्रथम दिसावयास हवी ती मोडलेली, म्हणजे बिजागरीशी उघडून हातावर आडवी टाकलेली बंदूक. चांगला प्रशिक्षक शिकणाऱ्याला तिच्या दोन रिकाम्या नळ्यांतून आरपार पाहावयास लावतो. आत गुळगुळीत पोलादावर उजेडाची वर्तुळे एकात एक दिसतात, काडतूस नाही याची खात्री पटते, आणि मगच बोलणे पुढे सरकते. बंदूक उघडी असेल तेव्हा साऱ्या मैदानाला ती निरुपद्रवी असल्याचे दुरून दिसते, आणि म्हणूनच आपल्या जागी उभे राहून पाळी येईपर्यंत ती मिटावयाची नाही, नळीचे तोंड मैदानाखेरीज कोणत्याही दिशेस वळवावयाचे नाही, आणि बार काढावयाच्या क्षणापर्यंत चापावर बोट ठेवावयाचे नाही, हे तीन नियम सर्वत्र पाळले जातात. मग काडतूस हाती येते: पितळी बुडाचे, आत चोवीस ग्रॅम शिशाचे बारीक छर्रे, संख्येने तीनशेच्या आसपास. ‘पुल’ असा पुकारा होताच यंत्रातून तबकडी ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने झेपावते, आणि नवशिका ती जेथे दिसली तेथेच बार टाकतो, तोवर ती पुढे निघून गेलेली असते. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभा असलेला गडी गोफण फिरवताना जसा पाखरांच्या थव्याच्या किंचित पुढे धोंडा सोडतो, तसे येथे तबकडीच्या पुढे जावयाचे असते, आणि बार सुटल्यावरही नळीची गती थांबू द्यावयाची नसते.

उरली स्वभावाची तयारी; ती मी सर्वांत महत्त्वाची मानतो. पॅरिसलाच ५ ऑगस्ट २०२४ रोजी स्कीट या तबकडीच्या नेमबाजीच्या प्रकारातील मिश्र स्पर्धेत महेश्वरी चौहान व अनंतजीत सिंग नरुका या आपल्या जोडीचे कांस्यपदक चीनविरुद्ध ४३ विरुद्ध ४४ अशा गुणांनी, म्हणजे एका तबकडीने, हुकले. एक तबकडी चुकली की दुसरीसाठी मन तितकेच स्वच्छ करावे लागते, राग यंत्रावर, वाऱ्यावर वा प्रशिक्षकावर काढता येत नाही, आणि पंचवीस तबकड्यांच्या एका फेरीत ही परीक्षा पंचवीस वेळा द्यावी लागते. ज्या मुलाला हरणे सोसत नाही, ज्याला हाती शस्त्र घेतलेले आपले छायाचित्र मित्रांना दाखविण्याचीच हौस अधिक आहे, त्याच्याशी पालकांनी आधी मोकळेपणी बोलावे. शस्त्राचा मोह आणि शस्त्राची विद्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतील भेद ओळखण्याची जबाबदारी प्रशिक्षकाआधी घराची आहे.

येथे शासनाविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. रायफल व पिस्तुलात महाराष्ट्राने अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांच्यासारखी नावे देशाला दिली. तबकडीच्या नेमबाजीत मात्र बिकानेरचे महाराजा कर्णी सिंग, २००४ साली अथेन्सला डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळविणारे राज्यवर्धन सिंग राठोड, २००६ चे जगज्जेते मानवजीत सिंग संधू, अशी बहुतेक थोर नावे राज्याबाहेरची आहेत. यात बुद्धीचा वा बाहूंचा दोष नाही. प्रत्येक बाराला एक काडतूस आणि एक तबकडी खर्ची पडते, मैदानाला विस्तीर्ण जागा लागते, आणि तो भार एकट्या कुटुंबाला पेलवत नाही. भोपाळच्या राज्य नेमबाजी अकादमीत तयार झालेल्या मनीषा कीर हिचे वडील मासेमारी करीत. तिने २०१८ साली चांगवॉनच्या जागतिक स्पर्धेत कनिष्ठ गटात ट्रॅपचे रौप्यपदक मिळविले. मध्य प्रदेशाने जे केले ते विदर्भासाठी महाराष्ट्र शासनाने का करू नये? सेवाग्राम स्थानकातून भोपाळची गाडी मिळते खरी, पण प्रत्येक होतकरू मुलीने आठ-आठ तासांच्या प्रवासाचा मार्ग धरावा अशी अपेक्षा करणे न्याय्य नव्हे.

मात्र असे मैदान आमच्या जिल्ह्यात झालेच, तर त्याची जागा ठरविताना घाई होऊ नये. छर्रे शिशाचे असतात, शिसे विषारी आहे, आणि वर्षानुवर्षे ते एकाच जमिनीवर साचत जाते. युरोपीय संघाने २०२३ पासून पाणथळ प्रदेशात शिशाच्या छऱ्यांच्या वापरास बंदी घातली ती याच कारणास्तव. वर्धा किंवा धाम नदीच्या काठी, विहिरींच्या शिवारात, गुरांच्या चराईवर वा कापसाच्या रानाला लागून असे मैदान मंजूर होऊ नये, पडलेले शिसे ठराविक मुदतीने वेचून काढण्याची अट मंजुरीच्या हुकुमातच असावी, आणि तीवर देखरेख ठेवणारा अधिकारी नेमलेला असावा. दारूगोळ्याच्या बाबतीत हयगय झाल्यास काय किंमत द्यावी लागते, हे लष्करी दारूगोळा भांडारातील स्फोट सोसलेल्या पुलगावच्या परिसराला कोणी नव्याने सांगावयास नको.

तोवर जिल्हा क्रीडा कार्यालयाने, शाळा-महाविद्यालयांतील छात्रसेनेच्या पथकांच्या साहाय्याने, नेमबाजी शिकू इच्छिणाऱ्यांसाठी बंदुकीवाचूनचा एक प्राथमिक वर्ग सुरू करावा: कायदा, सुरक्षिततेचे नियम, डोळ्याची परीक्षा, उभे राहण्याची रीत. यास फारसा खर्च नाही, आणि यातून जो पार पडेल त्यालाच पुढे मैदानाची वाट दाखवावी. पालकांस एवढेच विनवावयाचे आहे की मूल पहिल्या दिवशी मोजकेच बार काढून परतले आणि उरलेला सारा वेळ उघडी बंदूक धरण्यात, ऐकण्यात व पाहण्यात गेला असे त्याने सांगितले, तर शुल्क वाया गेले असे त्यांनी मानू नये. तो प्रशिक्षक आपले काम जाणतो, आणि मूल त्याच्याकडे निर्धास्तपणे पुन्हा पाठवावे.