तेलाबरोबर येणारं पाणी

परवा आगोटीच्या खरेदीला कर्जतच्या बाजारात गेलो होतो. सुके बोंबील, सोडे, थोडी सुकट. मासळीवाल्या मावशी म्हणाल्या, "पयल्यासारखा बोंबील गावत नाय भाऊ." कशामुळे, ते त्या बोलल्या नाहीत आणि मीही उगाच कारण ठोकून देणार नाही. पण घरी येईपर्यंत डोक्यात बॉम्बे हाय घोळत राहिलं.

१९७४ साली 'सागर सम्राट'ने तिथे तेल शोधलं, ते आपल्याला शाळेत शिकवलं. तेलाबरोबर पाणीही वर येतं, हे मात्र कुणी सांगितलं नाही. विहीर म्हातारी होत जाते तसं तेल कमी आणि पाणी जास्त. जगभराचा ढोबळ हिशोब एका पिंपामागे तीन पिंपं पाण्याचा आहे. त्या पाण्यात बेंझीन, फेनॉल असतात, शिवाय पाइप गंजू नयेत, जंतू वाढू नयेत, तेल-पाणी वेगळं व्हावं म्हणून आपणच घातलेली रसायनं. समुद्रात सोडताना आपल्या नियमात आकडा आहे तो तेलाचा : ९५ टक्के वेळा लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या आत, आणि १०० च्या वर कधीच नाही. तेलाचा तवंग दिसतो हो, विरघळलेलं दिसत नाही!

मी खालापूर तालुक्यात एका कारखान्याच्या ईटीपीवर बावीस वर्षं काढली. आम्हाला माशांची परीक्षा होती. प्रक्रिया केलेल्या पाण्यात, त्यात साधं पाणी न मिसळता, मासे सोडायचे. ९६ तासांनी शंभरातले नव्वद जिवंत हवेत. बाकी सगळे आकडे कागदावर छान बसायचे आणि एखाद्या सकाळी टाकीत मासे उलटे तरंगताना दिसायचे. मग जी पळापळ व्हायची ती विचारू नका. पाताळगंगेत जाणाऱ्या पाण्याला ही कसोटी, मग समुद्रात थेट सोडलेल्या पाण्याला का नको? ड्रिलिंगच्या चिखलातल्या रसायनांना विषारीपणाची चाचणी आहेच की.

भर समुद्रात सगळं पातळ होतं, असं म्हणतात. बऱ्याच अंशी खरंही आहे, प्लॅटफॉर्मपासून दूर गेलं की परिणाम झपाट्याने कमी होतो. पण नॉर्वेत कॉड माशांना अल्किलफेनॉल थोडं थोडं चारून बघितलं, तर माद्यांची अंडी पिकायला उशीर झाला. मासा मेला नाही, म्हणजे ९६ तासांच्या परीक्षेतही तो पास झाला असता. ईशान्य अटलांटिकच्या देशांनी २०१२ मध्ये नुसतं तेल मोजणं पुरेसं नाही, अख्ख्या पाण्याचा धोका तपासायचा, असं ठरवलं. आपण निदान माशांच्या टाकीपासून तरी सुरुवात करावी, एवढंच माझं म्हणणं.

आमचे मेव्हणे म्हणाले, "आपण डोंगरातली माणसं, आपल्याला काय त्याचं?" अहो, पाताळगंगा धरमतरच्या खाडीला जाते, उल्हास वसईच्या. आणि बोंबील कुठून येतात?

ताईने फोनवर विचारलं, मग खायचे की नाही? मी दोन किलो घेतलेत.